पुरलेली वार

‘आमची नाळ इथेच पुरली आहे’ असे अभिमानाने सांगण्याची आपल्याकडे पद्धत आहे. कल्याणहून कर्जतकडे निघालेल्या गाडीत विठ्ठलवाडीनंतर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर लागतात. या तिन्ही गावांत हे वाक्य म्हणू शकणारी म्हातारी माणसे थोडीच भेटतील. आगरी, कोळी, ठाकूर, कातकरी ही मूळची वस्ती सोडली, तर बाकीचे बहुतेक बाहेरून आलेले. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लाखाच्या आसपास निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीतल्या बराकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्या माणसांच्या नाळा सिंधमध्येच राहिल्या. अंबरनाथला आगपेट्यांच्या आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांमागोमाग कामगार आले. बदलापूरला गेल्या काही दशकांत मुंबईत घर न परवडणारे. (अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे इ.स. १०६० चे. नाळ इथलीच, असे ठामपणे म्हणावे तर त्याच्याविषयी!)

नाळेची आठवण भाषेने जपली, पण नाळेबरोबर आणखी एक अवयव पुरला जाई, त्याला मात्र वाक्प्रचारात जागा मिळाली नाही. तो म्हणजे वार. पाठ्यपुस्तकात तिला ‘अपरा’ म्हणतात. साधारण अर्धा किलो वजनाची, ताटलीसारखी गोल, लालभोर. बाळ जन्मले की काही मिनिटांत ‘वार पडते’, सुईण ती पुरी पडली की नाही हे बघते आणि मग मातीत पुरून टाकते. वैद्यकानेही शतकानुशतके जवळजवळ हेच केले. बाळंतपणात स्त्रियांचे जीव घेणाऱ्या एका रोगाचे मूळ याच पुरलेल्या अवयवाशी होते, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. त्या शोधाचा एक महत्त्वाचा धागा याच लोहमार्गाच्या दोन टोकांना, मुंबईत आणि पुण्यात, विणला गेला आहे.

पुढे जाण्याआधी वर्गात एक प्रश्न विचारून पाहावा : वार कोणाची, आईची की बाळाची? बहुतेक विद्यार्थी ‘आईची’ म्हणतील. प्रत्यक्षात फलित अंड्यापासूनच एकीकडे गर्भ आणि दुसरीकडे वारेचा मुख्य भाग तयार होतो. म्हणजे वार हा बाळाचा अवयव आहे. आईच्या शरीरात रुजलेला आणि नऊ महिन्यांनी टाकून दिला जाणारा. पुढची सगळी गोष्ट या एका मुद्द्यावर उभी आहे.

विषाचा शोध

रोग असा. पाच महिने ठीक गेलेले असतात. मग केव्हातरी, बरेचदा शेवटच्या दोन-तीन महिन्यांत, चेहऱ्यावर आणि हातांवर सूज येते, डोके ठणकते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, पोटात बरगडीखाली दुखते. वेळीच लक्ष गेले नाही तर आकडी येते. दातखिळी, आचके, बेशुद्धी. पहिलटकरणींत हे प्रमाण जास्त. गावात याला कुणी बाहेरची बाधा म्हणत, कुणी फेफरे. युरोपातही सुरुवातीला अपस्मार आणि ही आकडी यांत फरक केला जात नसे; तो अठराव्या शतकात फ्रान्समधल्या बुआसिए द सोव्हाज या वैद्याने केला. आकडीला ‘एक्लॅम्प्सिया’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ लखकन चमकणे असा, कारण ती विजेसारखी अचानक येते. तिच्या आधीची स्थिती ती ‘प्रीएक्लॅम्प्सिया’.

पण ती खरोखर अचानक येत नाही, हे १८४३ मध्ये लंडनच्या गाइज रुग्णालयातील जॉन लीव्हर यांनी दाखवले. आकडी आलेल्या बायकांची लघवी त्यांनी तापवली, तेव्हा ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गढूळ झाली. लघवीत प्रथिन होते. निरोगी गरोदर बायकांच्या लघवीत ते सापडले नाही. ही कसोटी आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतही दाखवता येते. अंड्याचा पांढरा भाग भरपूर पाण्यात मिसळून गाळून घ्यावा, परीक्षानळी तिरकी धरून फक्त वरचा भाग तापवावा. खालचा भाग स्वच्छ आणि वरचा दुधाळ, असा फरक मागच्या बाकावरूनही दिसतो.

१८९६ मध्ये रिव्हा-रोची यांचा हाताला बांधायचा पट्टा आला आणि रक्तदाब मोजता येऊ लागला. तेव्हा दुसरी खूण हाती लागली : या बायकांचा रक्तदाब चढलेला असतो. आजही निदानाची सुरुवात इथूनच होते. वीस आठवड्यांनंतर दाब १४०/९० किंवा त्याहून जास्त, आणि सोबत लघवीत प्रथिन किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तकणिका अशा कशात तरी बिघाड. जगभरात शंभर गरोदर स्त्रियांमागे साधारण दोन ते आठ जणींना हा त्रास होतो.

खुणा सापडल्या, कारण सापडेना. जंतुशास्त्राचा तो सुवर्णकाळ होता. प्रत्येक रोगामागे विष किंवा जंतू असणारच असे वाटे. म्हणून याचेही नाव ‘टॉक्सिमिया’, म्हणजे रक्तातली विषबाधा, असे पडले आणि ते जुन्या पुस्तकांत दीर्घकाळ टिकले. विष मात्र कुणालाच मिळेना. जर्मन प्रसूतितज्ज्ञ त्स्वाइफेल यांनी १९१६ मध्ये याला ‘सिद्धान्तांचा रोग’ म्हटले. ज्याला त्याला आपापला सिद्धान्त! अगदी १९८३ मध्येसुद्धा एका अमेरिकन नियतकालिकात या रोगाचा कृमी सापडल्याचा निबंध छापून आला. इतरांनी तपासल्यावर तो कृमी नसून नमुना रंगवतानाचा दोष असल्याचे निघाले. सूक्ष्मदर्शकाखाली हवेचा बुडबुडा पाहून ‘सर, पेशी दिसली’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला हसण्यापूर्वी हे आठवावे.

खरा धागा एका विचित्र गर्भारपणाने दिला. द्राक्षगर्भ नावाची एक स्थिती असते. तिच्या पूर्ण प्रकारात गर्भाशयात बाळ नसतेच; वारेच्या ऊतीचे द्राक्षांसारखे घोस तेवढे वाढतात. अशा बायकांनाही प्रीएक्लॅम्प्सिया होतो, आणि तोही नेहमीपेक्षा बराच लवकर. बाळ नाही, तरी रोग आहे. मग दोषी कोण उरले? शिवाय बाळंतपण होऊन वार पडली की रोग ओसरू लागतो, हे सुइणींनाही ठाऊक होते. (ओसरायला दिवस लागतात, बाळंतपणानंतरही आकडी येऊ शकते, म्हणून बाळंतिणीवर लक्ष ठेवावे लागते.) १९३९ मध्ये अर्नेस्ट पेज या अमेरिकन डॉक्टरने हे दुवे जोडून मांडले की रोगाचे मूळ वारेत आहे, आणि वारेला मिळणारे रक्त तिच्या गरजेच्या मानाने कमी पडते तेव्हा तो होतो.

खाचर आणि पाट

रक्त का कमी पडते, याचे उत्तर पडलेल्या वारेत मिळण्यासारखे नव्हते. रोप उपटून हातात घेतले तरी पाटाचे पाणी का आटले हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी वाफ्याची माती पाहावी लागते. बेल्जियमचे इव्हो ब्रोसेन्स आणि त्यांचे सहकारी रॉबर्टसन व डिक्सन यांनी नेमके हेच केले. वार जिथे रुजते त्या गर्भाशयाच्या अस्तराचे तुकडे त्यांनी तपासले. त्यांचे निबंध १९६७ आणि १९७२ चे आहेत.

त्यांना दिसलेली गोष्ट समजण्यासाठी बदलापूरच्या बाजूची भातखाचरे डोळ्यांपुढे आणावीत. (इमारतींनी ती भराभर गिळली आहेत, पण बारवी धरणाच्या वाटेवर अजून दिसतात.) खाचरात पाणी संथपणे शिरले पाहिजे. धारेने आले तर लावणीची रोपे आडवी होतात. वारेतही असेच एक खाचर असते. गर्भाच्या रक्तवाहिन्या पोटात घेऊन असलेले हजारो झुपके आईच्या रक्तात रोपांसारखे उभे असतात. आई आणि बाळ यांचे रक्त एकमेकांत मिसळत नाही; देवघेव होते ती झुपक्यांच्या पातळ आवरणातून. या खाचरात रक्त आणणारे पाट म्हणजे गर्भाशयाच्या नागमोडी रोहिण्या. गर्भारपणाच्या पहिल्या निम्म्या काळात वारेच्या पेशी या रोहिण्यांत शिरतात, त्यांच्या भिंतीतले स्नायू हटवतात आणि अरुंद नळीचे तोंड नरसाळ्यासारखे रुंद करतात. आकुंचन पावणे आता त्या रोहिणीच्या हातात राहत नाही. बाळाच्या पेशींनी आईच्या रक्तवाहिन्यांची केलेली ही दुरुस्ती. शरीरात असे दुसरे उदाहरण शोधून सापडणार नाही.

प्रीएक्लॅम्प्सियात, विशेषतः लवकर सुरू होणाऱ्या तीव्र प्रकारात, ही दुरुस्ती अर्धवट राहते. पाट अरुंदच राहतात. मग रक्त नुसते कमी येते असे नाही, ते जोराने आणि अनियमित येते. पुढे झालेल्या गणितांनुसार रुंद झालेल्या तोंडातून रक्त सेकंदाला दहा सेंटिमीटरच्या आसपास वेगाने शिरते, तर अरुंद तोंडातून एक-दोन मीटर वेगाने. झुपके झोडपले जातात. कधी ऑक्सिजन भरपूर, कधी चणचण. या चढउतारात पेशींच्या तंतुकणिकांतून ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू निसटतात आणि मेद व प्रथिने जाळत सुटतात.

वार ही नुसती चाळणी नव्हे, हे इथे लक्षात घ्यायला हवे. ती स्वतः मोठी खादाड आहे. गर्भाशयाकडे येणाऱ्या ऑक्सिजन आणि ग्लुकोजमधला मोठा वाटा ती स्वतःच वापरते, त्यावर संप्रेरके बनवते, अमिनो आम्ले शक्ती खर्चून पलीकडे ढकलते. उपासमारीत ती आधी स्वतःची कामे आवरते. प्रथिने बनवणे मंदावते, वाढ खुंटते, बाळाकडे जाणारा माल घटतो.

बाळही आपल्या परीने काटकसर करते. उपलब्ध रक्त ते मेंदूकडे आणि हृदयाकडे वळवते. यकृत, स्नायू, त्वचा यांच्या वाट्याला कमी येते. म्हणून अशा बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे दिसते. ऑक्सिजन कमी म्हणून रक्तपेशी जास्त तयार होतात आणि रक्त दाट होते. यकृतात ग्लायकोजेनची पुंजी जमत नाही. जन्मल्यावर नाळ कापली की ग्लुकोजचा पुरवठा एका क्षणात थांबतो आणि पुंजी नसलेल्या बाळाची साखर पहिल्या काही तासांतच घसरते. हडकुळ्या नवजात बाळाच्या टाचेला परिचारिका सुई टोचतात ती यासाठी. १०० मिलिलिटर रक्तात साखर ४५ मिलिग्रॅमच्या खाली गेली तर उपाययोजना करावी लागते. गर्भारपणाच्या शेवटी सुरू होणाऱ्या सौम्य प्रकारात बाळ बहुधा चांगल्या वजनाचे असते आणि यातले पुष्कळसे टळते.

आणि ते विष? ते अखेर २००३ मध्ये सापडले म्हणायला हरकत नाही. मद्रासला वैद्यक शिकून अमेरिकेत गेलेले अनंत करुमांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की आजारी वार एक प्रथिन आईच्या रक्तात मोठ्या प्रमाणात सोडते. रक्तवाहिन्यांच्या अस्तराला निरोगी ठेवणारे वाढीचे घटक हे प्रथिन टिपून घेते. उंदरांना ते दिल्यावर रक्तदाब चढला आणि लघवीत प्रथिन उतरले. ज्यांनी ‘विषबाधा’ म्हटले त्यांचे नाव फारसे चुकले नव्हते, पत्ता चुकला होता. विष बाहेरून आलेले नव्हते. ते वारेतूनच येत होते.

परळ ते पुणे

आता वारेच्या स्वयंपाकघरात काय शिजते आणि काय कमी पडते, याकडे वळू. हा धागा मुंबईत सुरू होतो.

१९२८ मध्ये ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. इथल्या गरीब गरोदर स्त्रियांत, त्यांत गिरणीत काम करणाऱ्याही होत्या, एक जीवघेणा पंडुरोग दिसत असे. त्याचे कारण शोधायचे होते. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी उंदीर आणि माकडे यांवर प्रयोग केले. त्या काळच्या त्यांच्या निबंधांवर तळपदे, मेहता अशी मुंबईची आडनावेही दिसतात. ना जंतू सापडला, ना विष. सापडली ती कमतरता. यीस्टपासून केलेले मार्माइट हे स्वस्त चाटण दिल्यावर स्त्रिया सुधारल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. मार्माइटमधला तो अज्ञात घटक म्हणजे फॉलिक आम्ल. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळे केले गेले आणि लॅटिनमधल्या ‘पान’ या शब्दावरून त्याचे नाव ठेवले गेले. १९४५ मध्ये अमेरिकेत ते कृत्रिमरीत्या बनवले गेले, ते आंध्रातून गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली. उल्हासनगरच्या सिंधी घरांत पालक, चुका आणि चण्याची डाळ घालून साई भाजी करतात. तिच्यात हे जीवनसत्त्व पुरेपूर असते.

धाग्याचे दुसरे टोक पुण्यात आहे. १९९३ मध्ये के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या स्त्रियांची गर्भारपणाआधीपासून नोंद ठेवायला सुरुवात केली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळे सरासरी साडेतीन किलोची, आपली २.७ किलोची. आयांचे वजनही गर्भारपणाआधी सरासरी ४२ किलोच्या आसपास. यात नवल नाही. नवल पुढेच होते. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोट कमी भरलेले, पण पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ इंग्लिश बाळाइतकीच! बाहेरून किडकिडीत आणि आतून स्निग्ध. नाळेतल्या रक्तात इन्शुलिनचे प्रमाणही चढे मिळाले. मधुमेहाकडे जाणारी वाट जन्माच्या आधीच आखली जाते, असा त्याचा अर्थ. यातल्या बऱ्याच आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. दूध सोडले तर शाकाहारात ते जवळपास नसतेच.

इथे एक गल्लत टाळली पाहिजे. खेड्यातल्या त्या आयांना प्रीएक्लॅम्प्सिया नव्हता. बाळ दोन प्रकारे उपाशी राहू शकते : आईच्या ताटातच कमी आहे म्हणून, किंवा ताट भरलेले असून वारेचा दरवाजा बंद आहे म्हणून. पहिल्या उपासाला अन्न हे उत्तर आहे. दुसऱ्याला नुसते अन्न पुरत नाही. ‘दोन जिवांचे खा’ असे सांगून प्रीएक्लॅम्प्सिया टळत नाही, आणि तो झाला म्हणून त्या बाईने काही कमी खाल्ले असा ठपका ठेवणे तर अन्यायच. आपल्याकडे बाळ हडकुळे निघाले की सुनेला तो ऐकावा लागतो.

पण दोन उपासांना जोडणारी एक चिंचोळी वाट असावी, असे पुण्याच्याच भारती विद्यापीठातील डॉ. साधना जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून दिसते. प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या आणि न झालेल्या स्त्रियांचे रक्त आणि त्यांची वार त्यांनी शेजारी शेजारी ठेवून तपासली. रोग असलेल्यांत होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल वाढलेले आणि डी.एच.ए. हे मेदाम्ल घटलेले आढळले. होमोसिस्टीन वाढणे म्हणजे फॉलिक आम्ल आणि बी-१२ यांच्या कामात अडथळा, कारण ही दोन जीवनसत्त्वेच त्याचे मेथिओनिनमध्ये रूपांतर घडवतात. त्या चक्रातून मिथिल गट मिळतात, ते डी.एन.ए.वर खुणा करायलाही लागतात आणि डी.एच.ए. वाहून नेणारे फॉस्फोलिपिड बनवायलाही. चक्र अडखळले की दोन्ही कामे बिघडतात. वारेच्या डी.एन.ए.वरच्या या मिथिल खुणा बदललेल्या दिसल्या, आणि त्या बदलाचा आईच्या रक्तदाबाशी संबंधही आढळला. डी.एच.ए. बाळाच्या मेंदूला आणि डोळ्याच्या पडद्याला लागते. वार ते स्वतः फारसे बनवू शकत नाही, आईच्या रक्तातून उचलते. परळच्या माकडांना दिलेल्या चाटणातला घटक असा सत्तर-ऐंशी वर्षांनी पुण्यात वारेच्या हिशेबवहीत भेटतो. यात कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे अशा तुलनेतून ठरत नाही. विद्यार्थ्यांनी तो प्रश्न विचारला तर शाबासकी द्यावी.

उपचाराची कथा थोडक्यात. आकडीवर मॅग्नेशियम सल्फेट, आपले साधे एप्सम सॉल्टच, सर्वांत गुणकारी, हे १९९५ मध्ये एका मोठ्या चाचणीने सिद्ध केले. तिच्यात भारतातल्या स्त्रियाही होत्या. पण मात्रा ठरली होती ती धिप्पाड अमेरिकन बायकांसाठी. आपली बाई वजनाने हलकी. तिला इतके कशाला? सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सुमन सरदेसाई आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये कमी मात्रेची पद्धत प्रसिद्ध केली, खास भारतीय स्त्रियांच्या अंगकाठीसाठी बेतलेली. आता धोका आधी ओळखून डॉक्टर बाराव्या आठवड्यापासून ॲस्पिरिनची छोटी मात्रा देतात. २०१७ च्या एका चाचणीत त्यामुळे मुदतीआधीच्या प्रीएक्लॅम्प्सियाचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आहारात कॅल्शियम कमी असेल तिथे त्याच्या गोळ्याही उपयोगी पडतात.

हे सगळे जिच्यासाठी, ती बाई मात्र तपासणीला यायला हवी. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात अंबरनाथ-बदलापूरच्याच नव्हे, मुरबाडकडच्या बायकाही येतात. आमच्या वर्गातल्या मुलींपैकी काहींची लग्ने बारावीच्या निकालाआधी ठरलेली असतात, आणि पहिलटकरणींना हा रोग जास्त. गरोदरपणात पायांवर थोडी सूज बऱ्याच जणींना येते, म्हणून घरच्या वडीलधाऱ्या ‘असे व्हायचेच’ म्हणतात. चेहरा सुजला, डोके थांबेना, नजर अंधुक झाली, तर ‘व्हायचेच’ नव्हे. त्याच दिवशी दाब आणि लघवी तपासायची. विज्ञानाच्या तासाला प्रथिनाची कसोटी दाखवताना हे एवढे वाक्य सांगायला अभ्यासक्रमाची परवानगी लागत नाही.

वार आता पुरली जात नाही. रुग्णालयात ती पिवळ्या पिशवीत जाते आणि जैववैद्यकीय कचऱ्याबरोबर जाळली जाते. १९९८ च्या नियमांपासून तसे बंधन आहे. संशोधकांना हवी असेल तर आईची संमती आधी घेतात. वार पडली की आवरणे काढून टाकतात, ठरावीक जागांचे छोटे तुकडे कापतात, रक्त निघून जाईपर्यंत मिठाच्या पाण्यात धुतात आणि नळीवर क्रमांक घालून उणे ऐंशी अंश सेल्सिअसला ठेवून देतात.